अमेरिकेत घरचं स्पॅनिश घेऊन येणाऱ्या विद्यार्थ्यांना शिकवताना: नव्या टीएंचे नेहमीचे प्रश्न

मार्च-एप्रिलमध्ये टीएशिपची (टीचिंग असिस्टंट, म्हणजे साहाय्यक शिक्षक म्हणून निवड झाल्याची) पत्रं हातात पडली की पुणे, मुंबई, दिल्लीहून निरोप यायला लागतात. ‘स्पॅनिश शिकवायला मिळतंय’ याचा आनंद दोन ओळींत संपतो आणि तिसऱ्या ओळीत प्रश्न असतो: वर्गात ज्यांच्या घरीच स्पॅनिश बोलतात अशी मुलं आहेत म्हणे, त्यांना मी काय शिकवणार? मी अमेरिकेतल्या एका सरकारी विद्यापीठात स्पॅनिश शिकवते आणि नव्या टीएंच्या प्रशिक्षणाचं काम पाहते. तेच ते प्रश्न येत राहतात, म्हणून उत्तरं एकदाची इथे लिहून ठेवली आहेत. सोपे प्रश्न आधी, अडचणीचे नंतर.

१. हेरिटेज स्पीकर म्हणजे नेमकं कोण? ज्याची मातृभाषा स्पॅनिश, तो का?

एवढी सोपी व्याख्या पुरत नाही. स्टॅनफर्डच्या ग्वादालूपे वाल्देस यांची व्याख्या सगळीकडे वापरतात: ज्या घरात इंग्रजीखेरीज दुसरी भाषा बोलली जाते अशा घरात वाढलेला, ती भाषा बोलणारा किंवा निदान समजणारा, आणि त्या भाषेत व इंग्रजीत थोडाफार द्विभाषिक असलेला माणूस.

यातलं ‘किंवा निदान समजणारा’ महत्त्वाचं. माझ्या एकाच वर्गात नवव्या वर्षापासून आईबरोबर दवाखान्यात जाऊन दुभाषाचं काम केलेली मुलगी असते, आणि आजीचं सगळं कळतं पण उत्तर इंग्रजीतच देणारा मुलगाही असतो. दोघंही हेरिटेज. आडनाव गार्सिया आहे पण घरात स्पॅनिश आजोबांबरोबरच संपलं, अशा विद्यार्थ्याचं नातं भाषेशी असतं, भाषा मात्र नसते. तो कुठे बसवायचा हे प्रश्न १० मध्ये.

२. घरी रोज बोलतात, मग कॉलेजात तीच भाषा शिकायची कशाला?

आपण मराठी घरात वाढून शाळेत बारा वर्षं मराठी शिकलो, तेव्हा हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. या मुलांना शाळेने ती बारा वर्षं दिलेलीच नाहीत. पाच-सहा वर्षांची असताना शाळा सुरू झाली, ती इंग्रजीत. तिथपासून वाचन, लेखन, गणित, भांडण, प्रेम सगळं इंग्रजीत वाढत गेलं आणि स्पॅनिश स्वयंपाकघरात, गाडीत, चर्चमध्ये राहिलं. कॅलिफोर्नियात तर मतदारांनी मंजूर केलेल्या १९९८ च्या प्रस्ताव २२७ ने द्विभाषिक शिक्षणावर जवळपास पडदाच टाकला होता. तो २०१६ च्या प्रस्ताव ५८ ने उठला.

कॉलेजात ही मुलं वेगवेगळ्या कारणांनी येतात. कुणाला नर्स व्हायचंय आणि रुग्णाशी नीट बोलायचंय, कुणाला आजीला पत्र लिहायचंय, कुणाला परदेशी भाषेचे क्रेडिट सोप्यात हवेत. तिसरं कारण ऐकून नाक मुरडू नका. त्यातलेच काही जण पुढे स्पॅनिशच मुख्य विषय (मेजर) म्हणून घेतात.

३. ही सगळी स्थलांतरितांची मुलं असतात ना?

पुष्कळशी असतात, सगळी नाहीत. न्यू मेक्सिकोतलं सांता फे शहर वसलं १६१० च्या सुमारास. इंग्रजी तिथे पोचायला आणखी दोन शतकं होती. १८४८ मध्ये ग्वादालूपे इदाल्गोच्या तहाने मेक्सिकोचा प्रचंड मुलूख अमेरिकेत आला, आणि तिथली माणसं जागची न हलता दुसऱ्या देशात गेली. पोर्तो रिको १८९८ मध्ये स्पेनकडून अमेरिकेकडे आलं. तिथले लोक १९१७ पासून अमेरिकी नागरिक आहेत. न्यू मेक्सिकोतल्या मुलीला ‘तुझे आईवडील कुठून आले?’ असं विचारलंत तर ती शांतपणे सांगेल, ‘इथूनच.’

आणखी एक गोष्ट प्रशिक्षणाच्या पहिल्याच दिवशी मी सांगते. टेक्सासमधल्या मार्फा गावी मेक्सिकन-अमेरिकन मुलांसाठी ब्लॅकवेल नावाची वेगळी शाळा होती. १९५४ मध्ये तिथे मुलांकडून चिठ्ठ्यांवर स्पॅनिश शब्द लिहून घेतले आणि ‘मिस्टर स्पॅनिश’चा दफनविधी केला. ती शाळा आता राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ आहे. तुमच्या वर्गातल्या मुलांच्या आजी-आजोबांच्या पिढीची ही गोष्ट. ‘आमच्या घरी मुद्दामच स्पॅनिश बोलले नाहीत’ असं एखादा विद्यार्थी म्हणतो, तेव्हा त्या ‘मुद्दाम’च्या मागे असं काहीतरी असू शकतं.

४. मी स्पॅनिश पुण्यात क्लास लावून शिकले, डेले या स्पॅनिशच्या परीक्षेची बी-२ पातळी पास आहे. ही मुलं माझ्यापेक्षा भराभर बोलतील. मग?

बोलतील. पहिल्या आठवड्यात तुमचा एखादा शब्द कुणीतरी दुरुस्तही करेल. करू द्या.

हा प्रश्न सगळ्यांत जास्त येतो आणि मीही त्यातून गेले आहे. माझ्या पहिल्या वर्गात मी ‘स्ट्रॉ’ला पुस्तकातला शब्द वापरला. पाच विद्यार्थ्यांनी पाच देशांचे पाच शब्द सांगितले आणि त्यांची आपसातच जुंपली. मी फळ्यावर पाचही लिहिले. तो तास मला आयता मिळाला.

तुमच्याकडे जे आहे ते त्यांच्याकडे नाही: स्पॅनिशमध्ये वाचलेली पुस्तकं, लिहिण्याची सवय, नियम शब्दांत सांगता येणं. त्यांच्याकडे जे आहे ते तुम्हाला क्लासमध्ये मिळालं नाही: कान, लय, घरातले विनोद. हे पहिल्याच दिवशी उघड बोलून टाका. लपवणारा टीए मग अधिकार दाखवायला लाल पेन काढतो, आणि तिथून सगळं बिघडतं.

५. विद्यापीठ याचं प्रशिक्षण देतं का? त्यात काय असतं?

बहुतेक ठिकाणी ऑगस्टमध्ये वर्ग सुरू होण्याआधी ओरिएंटेशन असतं आणि पहिल्या सेमिस्टरमध्ये अध्यापनपद्धतीचा एक कोर्स. दोन्हींचा भर शून्यापासून स्पॅनिश शिकणाऱ्यांवर. हेरिटेजच्या वाट्याला पुष्कळदा एखादी दुपार येते. न्यू मेक्सिको, ॲरिझोना, शिकागोतलं इलिनॉय विद्यापीठ अशा मोजक्या ठिकाणी हेरिटेजचा स्वतंत्र कार्यक्रम आहे. यूसीएलएचं राष्ट्रीय हेरिटेज भाषा केंद्र शिक्षकांसाठी साहित्य आणि कार्यशाळा देतं. तुमच्या विभागात काही नसेल तर तिथून सुरुवात करा.

मी घेते त्या प्रशिक्षणात व्याख्यानं कमी आणि हातकाम जास्त असतं. सगळ्यांत उपयोगी पडलेला सराव सांगते. प्रत्येक टीएला विद्यार्थ्याचा एक खरा निबंध मिळतो, नाव काढून टाकलेला. पहिली वीस मिनिटं पेन हातात घ्यायचं नाही; या विद्यार्थ्याला काय काय येतं एवढंच तोंडी सांगायचं. पहिल्यांदा सगळे गप्प बसतात. मग कुणीतरी म्हणतं, ‘भूतकाळाची दोन्ही रूपं बरोबर वापरलीत.’ दुसरं म्हणतं, ‘वाक्यं लांब आहेत, आणि तुटत नाहीत.’ यादी पंधरावर जाते. त्यानंतर पेन, आणि दुरुस्तीसाठी फक्त दोन गोष्टी निवडायच्या. माझ्या मते प्रशिक्षणाचं निम्मं काम इथेच होतं, कारण टीएचा कान बदलावा लागतो, आणि वाचनाची यादी देऊन कान बदलत नाही.

६. नेहमीचंच पाठ्यपुस्तक भराभर पुढे नेलं तर?

परदेशी भाषेचं पुस्तक ज्या क्रमाने जातं त्याच्या उलट क्रमाने ही मुलं शिकलेली असतात. पुस्तक सांगतं: आधी वर्तमानकाळ, रंग, घरातल्या वस्तू, तिसऱ्या सेमिस्टरला संकेतार्थ (सब्जंक्टिव्ह). विद्यार्थ्याला चाचणीत विचारा, ‘तेनेर या क्रियापदाचं भूतकाळी सब्जंक्टिव्ह लिहा.’ तो कोरा चेहरा करतो. मग सहज विचारा, ‘तुझ्याकडे खूप पैसे असते तर?’ तो म्हणतो, ‘सी तुबिएरा दिनेरो...’ म्हणजे नेमकं तेच रूप, न अडखळता. त्याला नियमाचं नाव माहीत नाही, एवढंच.

उलटी बाजू लेखनात दिसते. एका मुलाने पहिल्या दिवशी ‘मी अभ्यास करणार आहे’ या अर्थाचं स्पॅनिश वाक्य लिहिलं होतं. उच्चार ‘बॉय आ आसेर ला तारेआ’. पहिल्या तीन शब्दांत तीन चुका: व्हीच्या जागी बी, एच गायब, सीच्या जागी एस. आता हे मोठ्याने वाचा. एकही चूक नाही! स्पॅनिशमध्ये बी आणि व्ही सारखेच, एच मुका, आणि लॅटिन अमेरिकेत सी-एस-झेडचा आवाज एकच. त्याने जे ऐकलं ते लिहिलं. आपल्याकडे ‘दिवस’चा ‘दीवस’ लिहिणाऱ्या मुलाला मराठी येत नाही असं कुणी म्हणत नाही.

म्हणून या वर्गात क्रम फिरवायचा. रशियनच्या ओल्गा केगन आणि स्पॅनिशच्या मारिया कार्रेइरा यांनी ‘मॅक्रो’ पद्धत मांडली आहे: आधी अखंड मजकूर, ऐकणं, चर्चा, लेखन, व्याकरण त्यातून गरज पडेल तसं. शुद्धलेखन आणि आघातचिन्हं मात्र नीट शिकवावी लागतात. ‘एस्ता’ या शब्दात पहिल्या अक्षरावर जोर दिला की ‘ही’ आणि शेवटच्यावर दिला की ‘आहे’. ऐकताना मुलं कधीच गोंधळत नाहीत, चिन्ह लिहिताना हमखास.

७. विद्यार्थी ‘आया’ (‘असेल’, ‘असावं’ अशा अर्थाचं क्रियापदाचं रूप) याच्या जागी ‘आयगा’ म्हणतो. दुरुस्त करू की नको?

आधी हे रूप कुठून आलं ते बघा. ‘त्राइगा’, ‘काइगा’ ही रूपं प्रमाण आहेत. ‘आयगा’ त्यांच्याच चालीवर झालेलं, जुनं आणि अनेक देशांच्या ग्रामीण भागात चालणारं रूप आहे. ‘मी आणलं’ या अर्थाचं ‘त्रुहे’ आज गावंढळ समजतात, पण ते ‘दोन किहोते’ लिहिणाऱ्या सेर्वांतेसच्या लेखनात आहे. म्हणजे मुलाच्या तोंडी इंग्रजीने बिघडवलेलं स्पॅनिश नाही. आजोबांच्या गावचं आहे.

मराठी माणसाला हे चटकन कळावं. ‘पाणी भेटलं नाही’ ऐकून काही जणांच्या कपाळावर आठी येते, ‘आनि-पानी’ म्हणणाऱ्याला कॉलेजात हसतात. त्या हसण्यात भाषेपेक्षा गाव आणि जात किती असते हे आपल्याला ठाऊक आहे. इथेही तेच. दोन-तीन वेळा हसं झालेला विद्यार्थी पुढे तोंडच उघडत नाही (प्रश्न १२).

प्रत्यक्षात मी असं करते: बोलताना दुरुस्त करत नाही. लेखनात समासात लिहिते, ‘घरी आयगा, अर्जात आया. दोन्ही तुझे.’ मग एक तास वर्गालाच शोधायला लावते की हे रूप कोण, कुठे वापरतं आणि त्याला वाईट कुणी ठरवलं. एल साल्वादोरची मुलं ‘तू’ऐवजी ‘बोस’ वापरतात आणि मेक्सिकन मुलं त्यांना हसतात, तेही याच तासाला निघतं. आपसातली उतरंड शिक्षकाने न पाहिल्यासारखं करू नये.

८. आणि स्पँग्लिश?

‘त्रोका’ म्हणजे ट्रक, ‘पार्केआर’ म्हणजे गाडी लावणं, ‘लोंचे’ म्हणजे दुपारचा डबा (लोणच्याशी संबंध नाही, मलाही पहिल्यांदा भूक लागली होती). हे शब्द इंग्रजीतून आले, तसे आपले टेबल आणि बटाटा बाहेरून आले. स्पॅनिश अकादमीच्या कोशातही २०१४ च्या २३ व्या आवृत्तीत ‘एस्पांग्लिश’ हा शब्द नोंदला गेला.

अडचण अर्थ सरकतो तिथे येते. ‘कार्पेता’ अमेरिकेत गालिचा, बाकी बऱ्याच ठिकाणी कागदांची फाइल. नोकरीसाठी अर्ज करण्याला ‘आप्लिकार’ म्हटलं तर माद्रिदमधला वाचक क्षणभर थबकेल. दोन्ही अर्थ शेजारी-शेजारी शिकवा. एकाच वाक्यात भाषा बदलणं हे गोंधळाचं लक्षण नाही. दोन्ही व्याकरणं येत असल्याशिवाय ते जमत नाही.

९. मग प्रमाण स्पॅनिश शिकवायचंच नाही?

शिकवायचं. वाल्देस यांनी या अध्यापनाची जी उद्दिष्टं मांडली त्यात भाषा टिकवणं, इंग्रजीतलं लेखन-वाचन कौशल्य स्पॅनिशमध्ये आणणं आणि द्विभाषिकतेचा आवाका वाढवणं यांच्या जोडीला प्रतिष्ठित बोली शिकवणंही आहे.

वाद ‘कसं’ यावर आहे. बरीच वर्षं एक सभ्य वाक्य चालत आलं: ‘तुमची भाषा घरी ठीक आहे, पण औपचारिक ठिकाणी ही वापरा.’ नेल्सन फ्लोरेस आणि जोनाथन रोसा या भाषा-अभ्यासकांनी २०१५ मध्ये यावर नेमकं बोट ठेवलं: हे विद्यार्थी कितीही प्रमाण बोलले तरी ऐकणारा त्यांच्या रंगावरून आणि वर्गावरून त्यांना कमीच ऐकतो, मग सगळं ओझं बोलणाऱ्यावरच का? मुद्दा मला पटतो. पण सोमवारी सकाळी न्यायालयात दुभाषाच्या परीक्षेला बसणारी मुलगी समोर असते, आणि तिला प्रमाण रूपं यायलाच हवीत. मी ती शिकवते आणि ती सत्तेची भाषा आहे हेही सांगते. दोन्ही एकाच तासाला सांगता येतं.

१०. कुणी हेरिटेज वर्गात बसायचं हे कसं ठरवायचं?

आडनावावरून ठरवू नका. वाटतं त्यापेक्षा जास्त वेळा हेच होतं. रिकाम्या जागा भरायच्या व्याकरण-चाचणीवरूनही नको. तिच्यात घरी स्पॅनिश बोलणारी मुलगी नापास होते आणि दोन वर्षं तक्ते पाठ केलेला मुलगा वरच्या वर्गात जातो (कारण प्रश्न ६ मध्ये). घरी कुणाशी कोणती भाषा बोलता अशी छोटी प्रश्नावली, एक परिच्छेद लेखन आणि पाच मिनिटांच्या गप्पा यांवरून बहुतेक वेळा नीट कळतं.

नुसतं समजणारा विद्यार्थी बहुधा हेरिटेजच्या पहिल्या वर्गात रमतो. प्रश्न १ मधल्या गार्सियाला परदेशी भाषेच्या वर्गात जास्त फायदा होतो, पण निर्णय त्याला विचारून घ्या.

११. आमच्याकडे वेगळा वर्गच नाही. दोन्ही प्रकारची मुलं एकत्र आहेत.

बऱ्याच विद्यापीठांत हीच स्थिती आहे. यातली मोठी चूक म्हणजे हेरिटेज मुलांना फुकटचे सहायक शिक्षक करणं. जोड्या लावताना दोघांनाही एकमेकांची गरज पडेल असं काम द्या: हेरिटेज विद्यार्थ्याने शेजारच्या दुकानदाराची मुलाखत ध्वनिमुद्रित करून आणायची, दुसऱ्याने ती लिहून काढताना आघातचिन्हं आणि स्पेलिंग सांभाळायचं, मग अदलाबदल. गृहपाठ वेगळा दिलात तरी चालेल. परीक्षेच्या निकषांबद्दल प्रश्न १४.

१२. विद्यार्थ्याला येतंय हे दिसतं, पण तो वर्गात स्पॅनिश बोलतच नाही.

‘नो साबो’ हे शब्द ऐकून ठेवा. ‘मला माहीत नाही’ म्हणजे ‘नो से’. लहान मूल नियम लावून ‘नो साबो’ म्हणतं. ज्यांचं स्पॅनिश मोडकं त्या मुलांना आता ‘नो साबो किड’ म्हणून चिडवतात. घरी मावश्या हसतात, शाळेत इंग्रजी उच्चाराला हसले. मग वर्गात गप्प बसणं शहाणपणाचंच ठरतं.

आधी लिहू द्या, मग दोघांत बोलू द्या, चारचौघांत उभं करण्याची घाई नको. आजीला फोन करून तिच्या लहानपणचा एक पदार्थ विचारून या, असला गृहपाठ दिला की गप्प मुलंही पानं भरून आणतात.

१३. आमच्या विभागातले टीए माद्रिद आणि बोगोताचे आहेत. त्यांना प्रशिक्षण कशाला?

त्यांना जास्त लागतं. ते एकभाषिक प्रमाण स्पॅनिशमध्ये शिकलेले असतात आणि द्विभाषिक मुलाचं स्पॅनिश त्यांना मोडकं ऐकू येतं. माद्रिदचा टीए निरागसपणे बस ‘पकडण्या’साठी ‘कोहेर’ म्हणतो; मेक्सिकन घरांतल्या मुलांना तो शब्द शिवीच्या जवळचा, वर्ग हसून लोळतो. प्रशिक्षण घेतलेला टीए हसून पुढचा विषय तिथूनच काढतो. न घेतलेला म्हणतो, ‘बरोबर शब्द हाच आहे.’ ‘बोसोत्रोस’ (अनेकांना उद्देशून ‘तुम्ही’) स्पेनमध्ये चालतं. ते या मुलांच्या तोंडी बसवण्यात एक आठवडा घालवू नये.

१४. गुण कसे द्यायचे? त्यांना हा कोर्स फुकटचा ए वाटतो.

आल्या दिवशीच्या पातळीवर गुण दिलेत तर खरंच फुकटचा ए होईल आणि वर्गातल्या नवशिक्यांवर अन्याय होईल. सेमिस्टरमध्ये केलेल्या कामावर द्या: मसुदे, दुरुस्त्या, मुलाखती, वाचननोंदी. निकष पहिल्या आठवड्यात लेखी द्या. उच्चाराला वेगळे गुण ठेवू नका. त्याने सगळ्यांचंच गणित बिघडतं.

१५. विद्यार्थ्याच्या घरी स्पॅनिश आईवडिलांचीही पहिली भाषा नाही. मग तो कोण?

हा अपवाद पुस्तकांत सहसा सुटतो. मेक्सिकोतल्या वाहाका राज्यातून आलेली अनेक कुटुंबं मिश्तेको किंवा सापोतेको बोलतात, ग्वातेमालाची काही किचे. आईने स्पॅनिश शाळेत मार खात शिकलेलं असतं. मुलाचा खरा वारसा दुसराच, स्पॅनिश ही तिथे जिंकणाऱ्यांची भाषा. अशा मुलाला ‘तुमच्या पूर्वजांची सुंदर भाषा’ असलं भाषण ऐकवू नका. तीन भाषांची प्रश्नावली द्या, आणि त्याला हवं असेल तरच वर्गात सांगू द्या.

१६. रविवारच्या मराठी शाळेला यातलं काही लागू पडतं का?

पुष्कळ. बे एरियात किंवा न्यू जर्सीत वाढलेल्या मुलीला ‘पोळी लाटतेस का?’ कळतं, आणि ती उत्तर देते, ‘हो, मी लाटतो’, कारण घरात ‘मी करतो’ बाबांकडून ऐकलं. तिला बाराखडीपासून सुरुवात करायला लावलं की ती तिसऱ्या रविवारी पोट दुखतंय म्हणते. फरक एवढाच की अमेरिकेत घरी स्पॅनिश बोलणारे चार कोटींहून अधिक लोक आहेत. रेडिओ, दुकानं, सिनेमे सगळीकडे ती भाषा कानावर पडते. मराठी मुलीच्या कानावर मराठी आईबाबांखेरीज कुणाकडून फारशी पडत नाही. म्हणून तिथे आजीशी व्हिडिओ कॉल हाच अर्धा अभ्यासक्रम धरा.

१७. माझ्याकडे वर्ग सुरू व्हायला एकच आठवडा आहे. निदान काय करू?

पहिल्या तासाला हजेरी घेताना नावं त्यांच्या घरी जशी उच्चारतात तशी विचारून लिहून घ्या. प्रश्नावली द्या (प्रश्न १०). पहिला निबंध ‘माझ्या घरात कोण कुणाशी कुठल्या भाषेत बोलतं’ यावर, एक पान, आणि त्यावर लाल शाई नको. तो निबंध परत देताना प्रत्येकाला त्याच्या घराबद्दल एक प्रश्न विचारा, स्पॅनिशमध्ये.